परदेशातून : अर्जावर न लिहिलेली कसरत

खान्देशातल्या एखाद्या जत्रेत दोरावर चालणाऱ्या पोरीचा व्हिडिओ फिरू लागला की गावाकडच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरीचं बालपण करपतंय, खेळ बंद करा. दुसरा म्हणतो, लोककला मरतेय, खेळ जपा. इथे ब्रिटनमध्ये राहून हा वाद वाचताना तिसरा प्रश्न सतावतो : ती पोर वीस वर्षांची झाल्यावर तिच्या अंगातल्या विद्येचं काय करायचं?

चौदा वर्षांखालच्या मुलांना जिवावर बेतणाऱ्या खेळांत उतरवायला ब्रिटनने १८७९ मध्येच कायद्याने बंदी घातली. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, विष्णुपंत छत्र्यांनी आपल्याकडची पहिली मोठी देशी सर्कस उभी केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना राबवण्यावर बंदी आणायला सांगणारा निकाल दिला तो २०११ मध्ये. तो योग्यच होता. पण इथे मुलांची वाट बंद झाल्यावर, उशिरा का होईना, मोठ्यांसाठी वाट बांधली गेली. लंडनमध्ये १९८९ पासून सर्कसची शाळा आहे, आता ती जुन्या वीजनिर्मिती केंद्राच्या इमारतीत भरते. फ्रान्सने सर्कसचं राष्ट्रीय केंद्र १९८५ मध्येच काढलं. आपण दार लावलं आणि दुसरं नीट उघडलंच नाही.

आणि कसरत-जादूच्या वाटेवरून नट येतात. कॅरी ग्रँट म्हणजे जुन्या हॉलिवूडचा सुटाबुटातला देखणा नायक, एवढंच लोकांना ठाऊक. तो ब्रिस्टलचा आर्ची लीच. बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या ताफ्यातून १९२० मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि तिथे उंच काठ्यांवर चालून जाहिराती करत फिरला. हॉलिवूडच्याच बर्ट लँकेस्टरने जोडीदार निक क्रॅव्हॅटबरोबर सर्कशीत आडव्या दांड्यावरच्या कसरती केल्या, हाताच्या दुखण्याने तो धंदा सुटला आणि मग तो पडद्यावर आला. विनोदी नट स्टीव्ह मार्टिन पोरसवदा वयात डिस्नेलँडमधल्या जादूच्या दुकानात काम करायचा. यांचा अभिनय बघताना पाय कुठे पडतो ते बघा. अंदाजाने पडत नाही.

आपल्या डोंबाऱ्याकडे हेच सगळं असतं. बांबू फुलीसारखे बांधून केलेल्या दोन कैच्या, मध्ये दोर, टोकांना मेखा. मेख दोराच्या उलट बाजूला कलती ठोकावी लागते. तापीकाठच्या काळ्या मातीत पाऊस झाला की ती सैल पडते, उन्हाळ्यात भेगा पडल्या की हलते. म्हणून चढण्याआधी दोरावर मोठ्या माणसाचं वजन टाकून बघावं. हातातली आडवी काठी शोभेची नसते. ती लांब आणि जड असली की शरीर सावकाश कलतं आणि सावरायला क्षणभर जास्त मिळतो. नजर पायाकडे गेली की मान झुकते, मानेमागे खांदे जातात आणि तोल सुटतो. म्हणून नजर पलीकडच्या कैचीवर. कॅमेऱ्यासमोर खुणेच्या जागी खाली न बघता उभं राहता येणं, ही याच शिस्तीची पुढची पायरी.

गारुड्याचा जमुरा, म्हणजे खेळातला त्याचा साथीदार पोरगा, त्याहून मोठा नट. चादरीखालून तो वस्तू ओळखतो ते उस्तादाच्या शब्दांवरून : ‘बोल’, ‘लवकर बोल’, ‘नीट सांग’ यांतला प्रत्येक शब्द म्हणजे आधी ठरवलेली खूण. एक शब्द निसटला तर खेळ मोडतो, म्हणून समोरच्याचं शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकायची सवय लागते. कितीतरी नटांना तेच जमत नाही. ते आपल्या वाक्याची वाट बघत असतात. विनोदी जादूत तर काळवेळ म्हणजे सर्वस्व. हाताची चोरी विनोदाच्या शब्दावर करायची नाही, तेव्हा लोकांचे डोळे हातावरच असतात. हशा फुटला, माना मागे गेल्या, की त्या अर्ध्या श्वासात करायची. इथला टॉमी कूपर लाल तुर्की टोपी घालून जादू फसवायचा आणि थिएटर डोक्यावर घ्यायचा. जादू बरोबर येत असल्याशिवाय ती अशी फसवता येत नाही.

मग आपली पोरं हे का लपवतात? कारण कायद्यानेच त्यावर डाग लावलाय. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करणं या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणं हीदेखील भीकच ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात शिक्का तसाच आहे. ज्याच्या बापाला भिकारी म्हटलं गेलं तो ऑडिशनच्या अर्जावर ‘दोरावर चालता येतं’ असं कशाला लिहील?

इथलं सगळं आदर्श आहे असं नाही. रस्त्यावर खेळ करायला मध्य लंडनमध्ये ठिकठिकाणी परवाना आणि विमा लागतो. सर्कसची पदवी महाग आहे आणि पिढीजात खेळ करणाऱ्यांपेक्षा ऐपतदार घरची मुलंच तिथे सहज पोचतात. ही चूक आपण उचलू नये. आपल्याला इमारतीआधी शिक्षक हवेत आणि ते धुळे, जळगाव, नंदुरबारच्या वस्त्यांत आहेत. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ‘युवारंग’ या युवक महोत्सवातल्या मूकनाट्याच्या तालमीला अशा एका उस्तादाला मानधन देऊन बोलवा. पडायचं कसं, एवढं जरी त्याने शिकवलं तरी पुष्कळ : हनुवटी छातीला, खांद्यावरून तिरकं लोळायचं, मणक्यावर सरळ आदळायचं नाही, हात टेकून थांबायचं नाही. मनगटं मोडतात ती हात टेकल्यानेच.

आणि ऑडिशनच्या अर्जावर ‘कसरत येते’ एवढं लिहून भागत नाही. दोर किती फुटांवर, काठीसह की काठीविना, किती चेंडू किती वेळ न पाडता, शेवटचा सराव कधी केला, हे लिहायचं. सराव सुटला असेल तर तेही लिहायचं, नाहीतर सेटवर पाय मोडतो. ‘कुणाकडे शिकलात’ या ओळीत आई-बापाचं नाव लिहायचं.