एकटा माणूस ९ टनांचा दगड उभा करू शकतो, त्या फॉरवर्डमधलं 'अशक्य' एकदा तपासून बघूया

गेले काही दिवस सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, नातेवाईकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं, की १० टनांचा दगड क्रेनशिवाय हलवणं माणसाला शक्यच नाही, आजची मशीनसुद्धा प्राचीन दगड उचलू शकत नाहीत, फ्लोरिडात एका बारीक माणसाने एकट्याने अख्खा दगडी वाडा बांधला म्हणजे त्याला गुरुत्वाकर्षण बंद करता येत होतं, आपलं वेरूळचं कैलास छिन्नी हातोड्याने होणंच शक्य नाही, आणि कोणी कसं केलं याची कुठेच नोंद नाही. मग शेवटी परग्रहवासी नाहीतर हरवलेलं मंत्रतंत्र. मला याचा खरंच राग येतो, कारण ज्यांनी हाताने हे काम केलं त्यांचं श्रेय आपण आकाशातल्या कोणाला तरी देऊन टाकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, माणूस १० टन उचलू शकत नाही. बरोबर आहे, नाहीच उचलू शकत. पण उचलायला सांगितलंय कोणी? जड दगड हलवणारा माणूस वजन स्वतःवर घेतच नाही, वजन कायम जमिनीवर असतं, तो फक्त दगडाला एका टेकूवरून दुसऱ्या टेकूवर कलवत नेतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंटजवळ वॉली वॉलिंग्टन म्हणून बांधकामातले एक निवृत्त सुतार आहेत, त्यांनी हे स्वतःच्या आवारात करून दाखवलंय, व्हिडिओ आहेत, कोणीही बघू शकतं. काँक्रीटचा जवळपास ९ टनांचा लांब ठोकळा, आणि साहित्य म्हणजे लाकडी वासे, फळ्या, छोटे दगड, वाळू आणि पाणी. क्रेन नाही, मोटर नाही, कप्पीसुद्धा नाही.

कसं ते नीट समजून घ्या कारण सगळी गंमत इथेच आहे. समजा १ टनाचा, २ मीटर लांब दगड आहे. आधी पहारीने एक कड थोडी वर काढायची. एक कड उचलताना अर्धंच वजन येतं, म्हणजे ५०० किलो, बाकीचं अर्धं दुसऱ्या कडेवर जमिनीवरच असतं. आता ३ मीटरचा वासा घ्या, टेकू दगडापासून ३० सेंमीवर ठेवा, तर तुमच्या बाजूला २७० सेंमी उरतात, ९ पट फायदा, म्हणजे साधारण ५६ किलोचा जोर लागतो. एवढं तर आपण वाश्यावर नुसते रेललो तरी होतं. मग दगडाखाली मध्याच्या जवळ दोन टेकू सरकवायचे, मध्यापासून ५-५ सेंमीवर. आता अख्खा टनभर दगड त्या दोन टेकूंवर बसलाय, आणि एका टोकावर ५३ किलो ठेवले की तो त्या बाजूला कलतो, दुसरा टेकू मोकळा होतो, त्याच्यावर एक फळी वाढवायची. मग दुसऱ्या टोकावर वजन, इकडची फळी. असं आलटून पालटून केलं की दगड फळी फळीने वर चढत जातो आणि करणाऱ्याला कुठेच अंगातला सगळा जोर लावावा लागत नाही, वेळ मात्र लागतो.

पुढे न्यायचं असेल तर मध्यापासून जरा बाजूला खाली एक गोटा ठेवायचा आणि त्याच्यावर दगड गर्रकन फिरवायचा, मग दुसऱ्या बाजूच्या गोट्यावर उलटा फिरवायचा, दर वेळी तो थोडा पुढे गेलेला असतो. आणि उभा करायला वॉलिंग्टननी जे केलं ते मला सगळ्यात आवडतं, खड्ड्यात वाळू भरून त्याच्या आधारावर दगड आणायचा आणि पाण्याने वाळू हळूहळू काढून घ्यायची, वाळू जाईल तसा दगडाचा बुडखा आपल्याच वजनाने खाली उतरतो आणि दगड उभा होतो. म्हणजे ज्या वजनाची आपल्याला भीती वाटते तेच वजन काम करतं.

आणि हे बघायला अमेरिकेला जायची पण गरज नाही. मुंबईत दारूखाना भागात किंवा लोहार चाळीच्या गल्लीत जिथे क्रेन शिरत नाही तिथे जड मशीन किंवा तिजोरी हलवणारे लोक काय वापरतात? पहार, लोखंडी पाईप, लाकडी ठोकळे, पाचर. एक जण पहार मारतो, एक जण मागचा पाईप काढून पुढे घालतो. आपल्याकडच्या वडार आणि पाथरवट लोकांनी तर पिढ्यानपिढ्या घण, सुतकी, पहार घेऊन खाणीतून दगड काढले आणि गाड्यांवरून वाहून नेले, त्यातल्या एकालाही हा मेसेज वाचून दाखवा, तो तुम्हाला सांगेल की हे अशक्य बिशक्य काही नाही, अंगमेहनत आहे आणि डोकं आहे.

आता फ्लोरिडाचा तो माणूस. नाव एडवर्ड लीड्सकाल्निन, मूळचा लॅटव्हियाचा, उंची जेमतेम ५ फूट, १९२० च्या दशकात कामाला लागला आणि १९५१ मध्ये मरेपर्यंत त्याच्यातच होता. त्या जागेला आज कोरल कॅसल म्हणतात, सगळा मिळून १,००० टनांच्या आसपास दगड. एकट्याने केलं हे खरं, आणि त्याबद्दल त्या माणसाला मनापासून सलाम. पण फॉरवर्डमध्ये जे सोडून दिलंय ते बघा. त्याचे स्वतःचे फोटो आहेत, त्यात लाकडी खांबांची उंच तिकाटी आणि तिला टांगलेला चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, स्पष्ट दिसतो, हत्यारं तिथेच प्रदर्शनात ठेवलीयेत. तो आधी लाकूडतोडीच्या कॅम्पमध्ये काम केलेला माणूस होता, जड ओंडके हलवायची सवय तिथलीच. दगड म्हणजे तिथला चुनखडी दगड, जमिनीच्या पातळ थराखाली लगेच लागतो, त्यामुळे बराचसा माल त्याने जागेवरच कापला. १९३६ च्या सुमारास सगळं १० मैल लांब हलवलं तेव्हा ट्रकवाला भाड्याने घेतला होता. गुरुत्वाकर्षण बंद करता येत असतं तर ट्रकचं भाडं कोण भरेल?

त्याचा तो बोटाने ढकलला की फिरणारा ९ टनांचा दरवाजा तर फॉरवर्डमधला हुकमाचा पत्ता आहे. तो १९८६ मध्ये अडकला, काढून बघितला तर दगडाला आरपार भोक पाडून त्यात लोखंडी दांडा घातलेला आणि तो ट्रकच्या जुन्या बेअरिंगवर बसवलेला निघाला. बेअरिंग गंजलं म्हणून अडकला. वजनाचा मध्य इतका अचूक शोधून भोक पाडणं ही त्याची खरी कमाल, आणि ती कमाल सांगायची सोडून लोक चुंबकलहरी सांगतात.

आजची मशीन उचलू शकत नाहीत, हे वाक्य मुंबईतल्या माणसाने तरी फॉरवर्ड करू नये. २०२४ मध्ये कोस्टल रोड सी लिंकला जोडताना १३६ मीटर लांब आणि २,००० टनांचा गर्डर बार्जवरून आणून, भरती ओहोटीचं गणित जमवून बसवला, आपल्या डोळ्यांसमोर. आणि उलटं उदाहरण पण आपल्याच शहरात आहे. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला घेतला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, मग १९१४ मध्ये जोडला, आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे यंत्र असलं की काम आपोआप होतं असंही नाही.

वेरूळ. इथे तर दगड हलवून बांधायचा प्रश्नच नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, मंदिर होतं तिथेच राहिलं, काढायचा होता फक्त फालतू दगड. फॉरवर्ड म्हणतो ४ लाख टन, १८ वर्षं, म्हणजे तासाला ५ टन, अशक्य. ठीक आहे, त्यांचेच आकडे घेऊ. दिवसाला ६१ टन होतात. ५०० माणसं धरा, राष्ट्रकूट राजाला ५०० माणसं जास्त नाहीत, तर माणशी दिवसाला १२२ किलो. बेसॉल्ट पाण्याच्या जवळपास तिप्पट जड, त्यामुळे हा दगड ऑफिसमधल्या पाण्याच्या दोन मोठ्या जारांएवढा होतो. दिवसभरात एका माणसाने एवढा! आणि सगळा काही छिन्नीने भुगा करून काढायचा नसतो, चर मारून, पाचरी ठोकून मोठे मोठे ढलपे सुटतात. काम एकाच राजाच्या काळात संपलं असंही अभ्यासक मानत नाहीत, म्हणजे वेळ आणखी जास्त. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात, पुढच्या वेळी गेलात तर सेल्फी झाल्यावर जरा तेही बघा.

शेवटचा मुद्दा, नोंद नाही. आहे ना. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर चित्र होतं, घसरगाडीवर प्रचंड पुतळा, दोर ओढणारी १७२ माणसं, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासून बघितलं, वाळू योग्य तेवढी ओली असली की ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. आणि २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल जर्फला पपायरस सापडले, त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, खुफू राजाचा गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला जात होता त्या काळातली, साडेचार हजार वर्षं जुनी. आज कुठे होतो, तुराच्या खाणीतून चुनखडी भरली, होडीने गिझाला नेली, परत आलो, सगळं दिवसवार लिहिलंय.