गाडी पाणी पिते

चवथीला अजून महिना होता आणि बायकोला बेळगावला जायचं होतं. फोंड्यात मिळत नाही असं काही नाही, पण बेळगावला जाऊन आल्याशिवाय चवथीची खरेदी झाली असं आमच्या घरात कोणी धरत नाही. तर मी, बायको, मागच्या सीटवर रिकाम्या पिशव्या आणि आमची सतरा वर्षांची गाडी असे निघालो, सांखळी गेली, केरी गेलं, अंजुण्याचं धरण मागे पडलं आणि चोर्ला घाट चढायला लागलो तसा इंजिनच्या तापमानाचा तो काटा, जो सतरा वर्षं बरोब्बर मध्ये चिकटवल्यासारखा उभा होता, तो उठला आणि गाडीपेक्षा जोरात चढायला लागला.

बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर आतून वाफ. श्रावणातला चोर्ला म्हणजे आधीच धुकं, दहा पावलांवर धबधबा, त्यात आम्ही घरून आणलेलं थोडं वेगळं धुकं मिसळलं. एक पर्यटक जोडपं आमच्या बॉनेटकडे पाठ करून फोटो काढून गेलं. मी रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला आणि मागून एक ट्रकवाला एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातातला रुमालच पडला. त्याचं बरोबर होतं. ते झाकण म्हणजे कुकरची शिटी, आत प्रेशर असतं म्हणून पाणी ११५-१२० डिग्रीला पण गुमान बसून राहतं, झाकण काढलं की सगळंच्या सगळं एकदम उसळून तोंडावर. पाऊण तास थांबा, मग उघडा, धबधब्याचं पाणी हळूहळू भरा आणि जाताना हीटर फुल लावा, म्हणाला. हीटर लावला की इंजिनची थोडी गरमी गाडीत येते, तेवढाच इंजिनला आराम.

आता गोव्यात गाडीचा हीटर कोण लावतो? ते बटण लाल बाजूला पण फिरतं हे मला त्या दिवशी कळलं. काचा खाली, बाहेर पाऊस, आत भट्टी, असे आम्ही बेळगाव न बघता परत निघालो. बायको म्हणाली, "अहो, इथे कसला पाक शिजतोय?" मी म्हणलं गप्प बस, मला काटा बघू दे.

रात्री मेहुण्याला फोन केला. मेहुणा पुण्याचा, म्हणजे निदान तयारच होतं. हेड गॅस्केट. मला तोवर गॅस्केट म्हणजे कुकरचं रबर एवढंच माहीत, तर त्याने समजावलं की इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याच्या एका भोकात आग, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात ऑइल आणि या तिघांनी आयुष्यात एकमेकांना भेटायचं नाही हे बघणं एवढंच त्याचं काम. तो फाटला की पाणी सिलिंडरात जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघतं, नाहीतर ऑइलमध्ये जाऊन त्याची मलई होते, नाहीतर जळलेला गॅस पाण्यात घुसून रेडिएटरमध्ये बुडबुडे. खर्च विचारला तर म्हणाला पत्रा स्वस्त असतो रे. त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यातच मला एस्टिमेट कळलं.

दुसऱ्या दिवसापासून माझा दिनक्रम शुगरच्या पेशंटसारखा झाला. उठलं की आधी ऑइलचं टोपण उघडून बघायचं. आणि खरंच, पहिल्याच दिवशी टोपणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय! फोटो काढून मेहुण्याला पाठवला, त्याने उत्तरात नुसते हात जोडलेले पाठवले. गाडी चालू केली तर मागे पांढरा धूर. आमच्या वर राहणारे काका फेरीबोटीच्या इंजिनावर रिटायर झालेत, ते गॅलरीतून खाली वाकून म्हणाले, "गॅस्केट!" नुसतं एवढंच आणि आत गेले. मग रोज सकाळी मी गाडी चालू केली की ते चहा घेऊन गॅलरीत यायचे आणि धूर बघून मान हलवायचे. लोक सूर्योदय बघतात तसं.

पाणी तर कमी होतच होतं. दोन दिवसांनी अर्धा लिटर. खाली एक थेंब नाही. मी पार्किंगमध्ये जुना नवहिंद पेपर अंथरून ठेवला, सकाळी कोरडा. (पावसाळ्यात गोव्यात रात्रभर कोरडा राहिलेला कागद, खरं तर याचीच बातमी व्हायला पाहिजे होती.) बाहेर गळत नाही म्हणजे गाडी पितेय. आणि गाडी पाणी पिते म्हणजे गॅस्केट, हे एव्हाना आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनला पण माहीत झालेलं.

एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने झाकण काढून गाडी चालू केली, पाण्यात दोन बुडबुडे आले, त्याने हात पुसले. "गॅस्केट उडलां. हेड काडूंक जाय." हेड उतरवणार, लेथवर फेस करायला, म्हणजे घासून सपाट करायला पाठवणार, वाकलंय का बघणार, वाकलं असेल तर पुढचं पुढे, २५ हजार धरून चला. मी म्हणलं चवथ झाल्यावर बघू. गोव्यात हे वाक्य कुठल्याही प्रश्नाला चालतं आणि ते ऐकून कोणीही रागावत नाही.

खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचंच नव्हतं. पाण्याची बाटली घेऊन फिरणं सोपं होतं. डिकीत पाच लिटरचा कॅन, दर दोन दिवसांनी भरायचं, घाटाकडे बघायचं नाही. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान आणायला पण मी सपाट रस्ता बघून गेलो. अधूनमधून बायको म्हणायची की माझे पाय ओले होतात, मी म्हणायचो एसीचं पाणी. ती म्हणायची गुळासारखा वास येतो, मी म्हणायचो चवथ आलीय, नेवऱ्या तळतायत सगळीकडे. काच आतून धुरकट व्हायची, पुसली की तेलकट ओघळ, तर पावसात सगळ्यांच्याच काचा होतात.

चवथ झाली, गणपती गेले, गॅरेजं उघडली. ऑफिसातल्या एकाने दुसऱ्या मेस्तचं, म्हणजे मेकॅनिकचं नाव सांगितलं, आडवाटेला माडाखाली शेड, शेडमध्ये एक कुत्रा आणि मेस्त. मी सगळी लक्षणं पाठ केल्यासारखी म्हणून दाखवली आणि शेवटी निदान पण सांगितलं. मेस्त म्हणाला, "पयलीं पळोवया." आधी बघू या.

त्याने विचारलं गाडी रोज किती चालते. मी म्हणलं घर ते तिस्क, दोन किलोमीटर. तो हसला. एवढ्यात इंजिन नीट तापतच नाही, आत साठलेला दमटपणा उडून जात नाही, त्याची साय टोपणाखाली धरते, पावसाळ्यात तर जास्तच. डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी काढून दाखवली, ऑइल काळं, सायीचा पत्ता नाही. पांढरा धूर? चार मिनिटांत गायब झाला, म्हणजे सायलेन्सरमधलं दव. काका चार मिनिटं कधी थांबले नव्हते, चहा संपला की आत. आणि बुडबुडे? तुम्हीच रोज पाणी ओतताय, त्याच्याबरोबर हवा जाते, तीच वर येते.

मग त्याने एक काचेची नळी काढली, त्यात निळं पाणी. रेडिएटरच्या तोंडावर बसवायची, गाडी चालू ठेवायची आणि रबरी फुगा दाबून आतली हवा त्या पाण्यातून ओढायची. सिलिंडरातला गॅस येत असेल तर कार्बन डायऑक्साइडने निळ्याचं पिवळं होतं. शाळेत चुन्याची निवळी फुंकून दुधाळ करायचो त्याचाच हा थोरला भाऊ. दहा मिनिटं मी त्या नळीकडे जसं बघितलं तसं बारावीच्या निकालाकडे पण बघितलं नव्हतं. निळंच राहिलं. मला शंका, पाणी जुनं असेल तर? मेस्तने नळी माझ्या तोंडाला लावली, फुंक म्हणाला, फुंकलं, हिरवं होत होत चक्क पिवळं झालं. म्हणजे त्या शेडमध्ये गॅस्केट गेलेला मी एकटाच होतो.

"मागीर उदक खंय वता?" मग पाणी जातं कुठे, हे त्याने मला नाही, स्वतःलाच विचारलं. रेडिएटरवर हातपंप बसवून प्रेशर दिलं, बंद गाडीवरच. काटा ०.९ बारवर आणला आणि आम्ही तिघं (कुत्रा धरून) बघत बसलो. काटा हळू... हळू... खाली. गाडीखाली वाकून बघितलं, कोरडं. मेस्त उठला, डावं दार उघडलं, पुढच्या सीटपुढची मॅट उचलली, कार्पेट मुठीत धरून पिळलं. हिरवं पाणी! हुंगलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. गोड वास. पाक.

डॅशबोर्डच्या आत हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनचं गरम पाणी त्याच्यातून फिरतं, तो फुटला होता. सतरा वर्षांत ज्याचा आम्ही एकदा म्हणजे एकदाच उपयोग केला, तो गेले दोन महिने बायकोच्या पायांवर गळत होता.

"गाडयेंत वास येता, पांय भिजतात, कोणे सांगूंक ना?" मेस्तने विचारलं. मी कुत्र्याकडे बघितलं.

नवीन बसवायचा तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागणार. मेस्तने त्यापेक्षा हीटरला जाणारे दोन पाइप काढून इंजिनच्या बाजूलाच एकमेकांना जोडून टाकले, नवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं गोड पाणी भरलं, हवा काढली. "हीटर जाय तुमकां?" गोव्यात. मी नको म्हणालो. सगळं मिळून अठराशे रुपये.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, आणि हे सगळ्यात वाईट. नंतर तिने फोन उचलला, भावाला लावला आणि स्पीकरवर टाकला. मेहुणा सगळं ऐकून म्हणाला, तरी पण एकदा गॅस्केट चेक करून घे.

कार्पेट तेवढं काढून धुऊन गॅलरीच्या कठड्यावर टाकलं, कूलंट गोड लागतं पण मांजरांना विष, म्हणून बिल्डिंगच्या मांजराला हाकलत मी तिथेच खुर्ची टाकून बसलो. वरून काकांनी चहाचा कप घेऊन खाली वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"गॅस्केट वाळत घातलं काय रे?"