अलीगढ राहिलं की!
फ्रेंच गणिती आंद्रे वेय यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण तुम्ही पॅरिस-स्ट्रासबूर्गवरून थेट शिकागो आणि प्रिन्स्टन गाठलंत. अलीगढ राहिलंच! पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, १९३० साली, हा गडी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. भारतीय गणिती विजयराघवन यांना तिथे वेय यांनीच आणलं. १९३२ मध्ये नोकरी गेली, ते वेगळं. संस्कृत आणि गीतेची गोडी मात्र त्याआधीचीच.

आणि तुरुंगाचा किस्सा एका ओळीत उरकलात? फ्रेंच सैन्यात हजर न झाल्याबद्दल वेय १९४० मध्ये फ्रान्समधल्या रुआँच्या तुरुंगात होते. तिथून बायकोला लिहिलं, काम इतकं झकास चाललंय की दरवर्षी दोन-तीन महिने आत बसायची सोय करावी का? रिकाम्या संचाचं ∅ हे चिन्हही त्यांचंच, नॉर्वेजियन अक्षरावरून उचललेलं.