‘उंदराचं विष’ म्हणून गोळी बंद करण्याआधी

हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांच्या घरी एक मेसेज हमखास पोचतो. त्याचा मथितार्थ असा : रक्त पातळ करायची गोळी म्हणजे मुळात उंदराचं विष. तिनं मेंदूत रक्तस्राव होतो, त्यापेक्षा रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्या. ठोके नीट झाले की तीही सोडा. आणि लकवा आलाच तर बोटांना सुई टोचून रक्त काढा, कारण पुढे डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही.

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. त्या तथ्याच्या आधारावर बाकीचं सगळं खपून जातं आणि हा मेसेज वाचून माणसं खरोखर गोळी बंद करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गोळी कशासाठी, ते. ठोके अनियमित करणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘एएफ’ म्हणतात त्यात, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी जोडलेली असते. तिथे रक्त साचतं, गोठतं. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के याच पिशवीत असतात. गुठळी सुटली की महाधमनीतून वर मेंदूकडे जाऊ शकते. एएफमुळे स्ट्रोकचा, म्हणजे लकव्याच्या झटक्याचा, धोका साधारण पाचपट होतो. शिवाय हृदयातून आलेली गुठळी बरेचदा मोठी असते, मेंदूची मुख्य रक्तवाहिनीच बंद करते. त्यामुळे हा स्ट्रोक इतर प्रकारांपेक्षा जास्त अपंगत्व देतो.

“ही गोळी म्हणजे उंदराचं विष.”

हे वॉरफरिनबद्दल आहे. कुजलेलं गवत खाल्लेली गुरं रक्तस्राव होऊन मरत होती, त्याचं कारण शोधताना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेला या जातीचं रसायन सापडलं. त्यातून पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच दिलं गेलं. विष ठरवते ती मात्रा. वॉरफरिनची मात्रा ‘आयएनआर’ ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी, रक्ततपासणी करून सतत जुळवली जाते, ती याचसाठी. योग्य मात्रेत ते एएफमधले जवळपास दोन तृतीयांश स्ट्रोक टाळतं.

आज मात्र बहुतेक नव्या रुग्णांना वॉरफरिन दिलंच जात नाही. डाबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान, एडॉक्सॅबान ही औषधं वेगळी रसायनं आहेत, त्यांचं काम वेगळ्या जागी चालतं आणि उंदरांशी त्यांचा काहीही संबंध नाही. त्यांना सतत आयएनआर तपासावा लागत नाही, पालेभाज्यांचं पथ्यही नाही. अपवाद दोन, आणि ते महत्त्वाचे : धातूची कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण आणि संधिवाताच्या तापानं मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण. यांच्यासाठी वॉरफरिनच्या गटातलीच औषधं सरस आहेत. संधिवाताच्या तापातून आलेल्या हृदयविकारात रिव्हरॉक्सॅबान मागे पडलं, हे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसलं. अशा रुग्णांनी ‘नवी गोळी बरी’ म्हणून परस्पर बदल करू नये.

“मेंदूत रक्तस्राव होतो.”

होऊ शकतो. रक्त गोठणं कमी करणाऱ्या प्रत्येक औषधाला ही किंमत आहे आणि ती लपवणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण किती, आणि कशाच्या बदल्यात, हे मेसेज सांगत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅरिस्टॉटल’ चाचणीत १८,२०१ रुग्ण होते. वॉरफरिनच्या तुलनेत अ‍ॅपिक्सॅबानवर मोठे रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी झाले आणि मेंदूतल्या रक्तस्रावामुळे होणारे स्ट्रोक जवळपास निम्म्यावर आले. डाबिगॅट्रानचा परिणाम काही मिनिटांत उलटवणारं इडारुसिझुमॅब हे इंजेक्शन २०१५ पासून उपलब्ध आहे.

“आजी पडतात, म्हणून गोळी नको,” हेही फार ऐकू येतं. पडण्याचा धोका खराच. पण १९९९ च्या एका गणिती अभ्यासात असं निघालं, की पडून मेंदूत होणाऱ्या रक्तस्रावाचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा मोठा ठरायला माणूस वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावा लागेल. रक्तदाब आटोक्यात ठेवणं, गरज नसलेली वेदनाशामकं बंद करणं, यानं रक्तस्राव खरोखर कमी होतो. आणि ज्यांना गोळी दीर्घकाळ घेणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी ती पिशवीच आतून बंद करणारं छोटं उपकरण मांडीच्या शिरेतून बसवता येतं.

“त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन.”

सगळ्यात जास्त नुकसान हा सल्ला करतो, कारण तो घेणाऱ्याला आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही. वेगानं वाहणाऱ्या धमनीतल्या गुठळीत प्लेटलेट्स जास्त असतात, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा स्टेंटनंतर ती आवश्यक ठरते. साचलेल्या रक्तातली गुठळी मुख्यतः फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्यातून बनते आणि त्या जाळ्यावर अ‍ॅस्पिरिनचा फारसा जोर चालत नाही.

‘अ‍ॅव्हरोज’ चाचणीत वॉरफरिन न झेपणारे ५,५९९ रुग्ण घेतले होते. अ‍ॅस्पिरिनवर स्ट्रोक वा शरीरात इतरत्र गुठळी अडकण्याचं वार्षिक प्रमाण ३.७ टक्के, अ‍ॅपिक्सॅबानवर १.६. मोठे रक्तस्राव वर्षाला अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. याचा अर्थ, रक्तस्रावाच्या भीतीनं अ‍ॅस्पिरिनकडे वळणाऱ्याचा तो धोका फारसा टळत नाही, स्ट्रोकचा धोका मात्र दुपटीहून जास्त राहतो.

“ठोके नीट झाले की सोडा.”

एएफ येतं-जातं आणि अनेकदा जाणवतच नाही. २००२ च्या ‘अफर्म’ चाचणीत बहुतेक स्ट्रोक वॉरफरिन थांबवलेल्यांना किंवा आयएनआर कमी असलेल्यांनाच (म्हणजे औषध अपुरं पडत असलेल्यांनाच) झाले, ठोके नियमित ठेवण्याचा प्रयत्न चाललेल्या गटातसुद्धा. गोळी ठरते ती वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, आधीचा स्ट्रोक यांवरून. आजचा ईसीजी सरळ आला म्हणून यातलं काही बदलत नाही. अ‍ॅब्लेशन (ठोके बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करण्याची प्रक्रिया) यशस्वी होऊन वर्ष उलटलेल्या निवडक रुग्णांत ती थांबवता येईल, असं अलीकडच्या चाचण्यांतून दिसू लागलंय. तो निर्णय तपासण्या पाहून हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा.

“सुई टोचा, पुढे काही उपाय नाही.”

बोटातून थेंबभर रक्त काढून मेंदूतली गुठळी हलत नाही. वेळ तेवढा जातो. उपाय मात्र आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी मोठ्या धमनीतली गुठळी तारेनं ओढून काढणं प्रभावी ठरवलं आणि हृदयातून आलेल्या मोठ्या गुठळ्यांसाठी हाच उपाय नेमका लागतो. २०१८ च्या ‘डॉन’ चाचणीनं निवडक रुग्णांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत वाढवली. तिथे ही प्रक्रिया झालेल्यांपैकी ४९ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वतःची कामं स्वतः करत होते, न झालेल्यांपैकी १३ टक्के.

तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रुग्ण रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर तिचं नाव आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं. ते देता आलं नाही, तरी गुठळी ओढून काढण्याचा मार्ग अशा रुग्णांनाही खुला असतो.