फाळक्याला चिरे टेकवून पिकअप घसरायची थांबते?

चवथ जवळ आली, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) सामानासाठी पिकअपच्या फेऱ्या वाढल्या आणि तो मेसेज पुन्हा फिरू लागला: रिकामी गाडी पावसात मागून घसरते, म्हणून फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, टेकवून 150 किलो चिरे ठेवा, मागच्या टायरची हवा निम्मी करा, नवे टायर पुढे घाला आणि चाक रुतलं की रेस सोडू नका.

वजन हवं, यात वाद नाही. इंजिन पुढे, मागे नुसता हौदा आणि कडक पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या). रिकामी गाडी मागून उडणारच. चुकली ती जागा. फाळका मागच्या ॲक्सलच्या मीटरभर मागे आणि दोन ॲक्सलमध्ये तीन मीटर धरले, तर 150 किलो चिऱ्यांचे मागच्या चाकांवर 200 किलो पडतात. वरचे 50 आले कुठून? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. चोर्ला घाटाच्या वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं ते म्हणूनच. चिरे ॲक्सलच्या बरोबर वर ठेवा, जरा पुढे सरकले तरी चालतील, पण बांधा. सुटा चिरा ब्रेक मारताच केबिनच्या पाठीवर आदळतो. माझ्या गाडीला तसा पोचा आहे, विचारू नका.

हवा कमी करणं चिखलात, रेतीत खरं. डांबरावर उलट: टायर तापतो, आणि साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग खाली येतो. हवा निम्मी केली की साधारण 30 टक्क्यांनी. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या हवेच्या पट्टीवर रिकाम्या गाडीचा वेगळा आकडा असेल तर तिथवर उतरवा, त्याखाली नको.

नवे टायर मागे. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, मागचं घसरलं तर फिरते.

रेसचा सल्ला तर सर्वांत वाईट. सत्तरीत काजूच्या बागेत माझं डावं चाक तांबडा चिखल उडवत गरगर फिरत होतं, उजवं कोरड्या जागी ढिम्म. साधं डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा गोळा, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो किती हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. रेस वाढवली की खड्डाच खोल होतो. हँडब्रेक दोन दात ओढला, दुसऱ्या गिअरवर क्लच हळू सोडला. फिरतं चाक ब्रेकने अडलं, तसा उजव्या चाकालाही थोडा जोर मिळाला. तरी चाकाखाली माडाची दोन चुडतं घालावी लागलीच.