विंग वाकली म्हणून मॅक्लारेन चोर ठरत नाही

पणजीपासून मडगावपर्यंत एफ-वन पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मराठी मेसेज फिरतोय. सोबत छोटी क्लिप आहे. सरळ पट्ट्यावर वेग वाढतो तशी मॅक्लारेन टीमच्या गाडीची फ्रंट विंग, म्हणजे नाकाजवळचा आडवा पंख, खाली झुकते आणि ब्रेक लागला की वर येते. मेसेजचं म्हणणं असं: नियमाप्रमाणे विंग हलताच कामा नये, ती हलताना उघड दिसते, एफआयएने, म्हणजे शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, जाणूनबुजून डोळेझाक केली, गवगवा झाल्यावर 2025 च्या मध्यात घाईघाईने चाचणी कडक केली, म्हणून मॅक्लारेनची विजेतेपदं चोरीची. क्लिप खरी आहे. तिच्यावर रचलेला आरोप खोटा आहे, आणि चोरीचा आरोप इतक्या सहज पुढे ढकलला जातो याचा मला राग येतो.

आधी ‘हलताच कामा नये’ हे घेऊ. 2025 च्या तांत्रिक नियमांतलं कलम 3.2.2 खरंच सांगत होतं की हवेवर परिणाम करणारे भाग घट्ट बसवलेले आणि अचल असावेत. पण अजिबात न वाकणारा पदार्थ जगात नाही. कार्बन फायबरही वाकतो. त्यात डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की भार चौपट. एवढा भार घेऊन विंग जागची हलली नाही, तर ते नवल ठरेल. नव्या झुआरी पुलावर वाहतूक सुरू होण्याआधी भारचाचणी झाली, तेव्हा पूल वाकतो का हा प्रश्नच नव्हता. किती वाकतो आणि मर्यादेत राहतो का, एवढंच मोजायचं होतं. विंगचंही तसंच आहे. गाडी उभी करून फ्रंट विंगच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी 1000 न्यूटन, म्हणजे साधारण 100 किलोंचा भार द्यायचा आणि विंग किती खाली गेली ते मोजायचं. 2025 च्या बार्सिलोना शर्यतीपर्यंत मर्यादा 15 मिलिमीटर होती, तिथून 10 झाली. एकाच बाजूला भार दिला तर 20 ची 15 झाली. फ्लॅपच्या, म्हणजे विंगच्या मागच्या पट्टीच्या, मागच्या कडेवर 60 न्यूटनचा भार द्यायचे. तिथली मर्यादा 5 वरून 3 वर आली. क्लिपमधून यातला एकही आकडा निघत नाही. कॅमेरा गाडीवरच बसवलेला असतो, तोही थरथरतो, आणि पडद्यावरच्या झुकण्याला मोजपट्टी लावता येत नाही.

विंग मुद्दाम वाकेल अशी बनवतात का? हो, आणि सगळ्याच मोठ्या टीम बनवतात. कमी वेगाच्या वळणात गाडीचं नाक आत वळायला तयार नसतं, जास्त वेगाच्या वळणात मागचा भाग सुटू पाहतो. वेग वाढल्यावर पुढची विंग थोडी झुकून पुढचा भार कमी करत असेल, तर दोन्ही वळणांत गाडी ड्रायव्हरच्या हातात राहते. कार्बनचे थर कोणत्या दिशेने घालायचे, यातलं हे कसब आहे.

आता मॅक्लारेनच्या चाहत्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ‘चाचणी पास, विषय संपला’ हे त्यांचं उत्तरही अर्धंच आहे. एखादा भाग धावत्या गाडीवर हलतोय असा संशय आला तर नवी चाचणी लावायचा अधिकार एफआयएने नियमातच राखून ठेवलाय. तो कागदावर पडून नाही. 2014 मध्ये अबू धाबीला रेड बुलच्या फ्रंट विंगचे फ्लॅप भाराखाली वाकतात असं ठरलं. तिचे ड्रायव्हर फेटल आणि रिकार्डो दोघेही क्वालिफाइंगमधून, म्हणजे सुरुवातीचे क्रमांक ठरवणाऱ्या फेरीतून, बाद झाले आणि त्यांना सगळ्यांच्या मागे, पिट लेनमधून सुरुवात करावी लागली. 2024 मध्ये बाकूला मॅक्लारेनचा पियास्त्री जिंकला, तेव्हा त्याच्या मागच्या विंगचा वरचा फ्लॅप वेगात पुढून उचलला जाऊन विंगमधली फट रुंदावताना दिसली; अशी फट हवेचा अडथळा कमी करते. त्या विंगने चाचणी पार केली होती, तरी एफआयएशी बोलणं झाल्यावर मॅक्लारेनने तिच्यात बदल करायचं मान्य केलं. ही टीका रास्त होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती मागच्या विंगबद्दल होती, मेसेजमधल्या पुढच्या विंगबद्दल नव्हे.

डोळेझाकीचा आरोप तर जुनी उदाहरणं पाहिली तरी टिकत नाही. 2010 मध्ये रेड बुल आणि फेरारीच्या विंगांवर बोंब झाली, तेव्हा चाचणीचा भार दुप्पट झाला. 2021 मध्ये रेड बुलच्या मागच्या विंगवरून वाद पेटला, तेव्हा हंगाम चालू असतानाच नव्या चाचण्या आल्या. 2024 च्या बेल्जियम शर्यतीपासून एफआयए शुक्रवारच्या सरावात जास्तीचे कॅमेरे लावून सगळ्या टीमच्या फ्रंट विंगांची माहिती गोळा करत होती.

‘घाईघाईने’ हाही शब्द चुकीचा. बार्सिलोनापासून मर्यादा बदलणार हे जानेवारी 2025 मध्येच जाहीर झालं होतं. तयार विंगा टीमना फेकून द्याव्या लागू नयेत म्हणून मध्ये अवधी ठेवला होता. आणि मॅक्लारेनचा वेग त्या पाच मिलिमीटरमध्ये असता, तर बार्सिलोनाला तो दिसेनासा झाला असता. तिथे पियास्त्री पहिला आला आणि मॅक्लारेनचाच नॉरिस दुसरा. पुढे ऑस्ट्रिया, सिल्व्हरस्टोन, बेल्जियम, हंगेरी, या लागोपाठ चार शर्यतींत पहिले दोन क्रमांक मॅक्लारेनचेच होते. कडक चाचणी सगळ्या टीमना एकाच दिवशी लागू झाली होती.

राहिला एफआयए मॅक्लारेनला सांभाळून घेते हा आरोप. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला नॉरिस दुसरा आणि पियास्त्री चौथा आला होता. शर्यतीनंतर दोन्ही गाड्यांच्या तळाची फळी (गाडी जमिनीच्या फार जवळ धावू नये म्हणून बसवलेली) मोजली, तिची जाडी किमान 9 मिलिमीटर हवी होती. दोन्हींची थोडी कमी भरली. विजेतेपदाची लढत ऐन रंगात असताना एफआयएने दोघांनाही निकालातून काढून टाकलं.