सव्वाशे ग्रॅमची रात्रपाळी

शुगर ग्लायडर, म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत जाणारा, पोटाला पिशवी असलेला इवलासा प्राणी, पाळायचा विचार आहे असं कुणी म्हणालं की मी एकच प्रश्न विचारतो: रात्री तीन वाजता तुम्ही काय करता? ‘झोपतो’ असं उत्तर आलं की पुढचं बोलणं अवघड होतं. कारण ऐन त्या वेळी या प्राण्याची भर दुपार चालू असते.

‘हळूहळू लावू त्याला आपल्या वेळा,’ हा पुढचा आशावाद. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या झाडांवर पिढ्यान् पिढ्या अंधारात डिंक, मकरंद आणि किडे शोधत हिंडलेला हा जीव. वजन 100 ते 150 ग्रॅम आणि डोळे चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य. ते डोळे तुमच्या सोयीसाठी बनवलेले नाहीत. वेळा बदलतात त्या माणसाच्या, आणि काळी वर्तुळंही त्याच्याच डोळ्यांखाली येतात.

दिनक्रम, म्हणजे खरं तर रात्रक्रम, असा. अंधार पडला की पिंजऱ्यात त्याला झोपायला टांगलेल्या पिशवीची कड हलते, एक गुलाबी नाक बाहेर येतं, मग अंगाला आळोखेपिळोखे देत पूर्ण स्वारी. आणि पहिलं काम लघवी. म्हणून अनुभवी माणूस त्याला उठल्या उठल्या प्रेमाने उचलत नाही, दहा-पंधरा मिनिटं पिंजऱ्यातच राहू देतो. याच्यापुढे जाऊन ठरावीक कोपऱ्याची सवय लावायला निघालेल्यांना माझ्या शुभेच्छा.

मग चाक. चाकाला मधून आडवा दांडा नको, शेपूट गुंडाळली जाते. धावपट्टी सलग हवी, नाहीतर फटीत पाय अडकतो. आणि चाक दुकानात कितीही मुकाट फिरलं तरी घरी मध्यरात्री करकरतंच. पिंजरा झोपायच्या खोलीत ठेवू नये. पण अडगळीच्या खोलीतही नको. माणसांचे आवाज आणि वास त्याच्या कानानाकावर पडत राहायला हवेत. पिंजरा रुंदीपेक्षा उंच घ्यावा, गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नसावं. डोकं बाहेर गेलं की उरलेलं अंग पाठोपाठ जातं.

जेवण ताजं, संध्याकाळी; उरलेलं सकाळी काढून टाकायचं. नुसत्या फळांवर ठेवलं तर तो खूश असतो आणि मागचे पाय लुळे पडतात, कारण कॅल्शियम कमी पडतं. आहारात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम हवं, आणि किड्यांमध्ये हिशोब नेमका उलटा असतो, म्हणून त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरवतात. रस चोखून झाला की चोथा तो थुंकतो. वाटीत नव्हे, भिंतीवर. पिंजऱ्यामागे प्लास्टिकचा पत्रा लावणं हाच त्यावर उपाय.

आता खरा मुद्दा. हे प्राणी टोळीने राहतात, एका ढोलीत एकमेकांच्या अंगावर झोपतात, वासाने आपलं-परकं ठरवतात. नराच्या डोक्यावर टक्कल दिसतं तिथे गंधग्रंथी असते. ती इतरांच्या अंगावर घासून तो ‘हे आमचे’ असं जाहीर करतो. ते टक्कल बघून दर नवा मालक घाबरून डॉक्टरांकडे धावतो. आणि एकटा ठेवला तर? रात्री कुत्र्याच्या पिल्लासारखं एका पट्टीत भुंकून हाका मारतो. मग खाणं सुटतं, स्वतःची लव उपटतो, शेपूट चावतो, कधी स्वतःला गंभीर जखमा करून घेतो. ‘आम्ही देऊ ना वेळ!’ म्हणणारे त्याच्या ऐन कामाच्या वेळी घोरत असतात. आरशाने भागत नाही. दोन ठेवा. माझ्या मते एक ठेवण्यापेक्षा दोन ठेवणं सोपं. फक्त नराचं खच्चीकरण करून घ्या; गर्भारपण अवघं 16 दिवसांचं असतं, आणि पुढचे दोन महिने पिल्लू आईच्या पोटाच्या पिशवीत असल्याने बातमी तुम्हाला सगळ्यात शेवटी कळते.

दुसरा आणला म्हणून लगेच एका पिंजऱ्यात कोंबू नये. आधी काही आठवडे वेगळा ठेवून प्रकृती तपासायची, मग दोन पिंजरे शेजारी, झोपायच्या पिशव्यांची अदलाबदल, आणि भेट तिसऱ्याच, दोघांचाही हक्क नसलेल्या जागी. थोडी कुरकुर चालते. गोळा होऊन लोळू लागले, केस उडू लागले की जाड फडकं टाकून सोडवा. उघडा हात घालू नका.

तुमची स्वतःची वर्णी लावण्याचं काम मात्र दिवसा होतं. तो झोपेत असताना पिशवीसकट छातीशी घेऊन घरभर हिंडायचं, म्हणजे तुमचा वास अंगवळणी पडतो. पिशवी फ्लीसची, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाची; टॉवेलच्या कापडात नखं अडकतात, आणि सुटलेला दोरा बोटाभोवती आवळला तर बोट जातं. हात आत घातलात की मिक्सरमध्ये खडा अडकावा तसा आवाज येईल. ही भीती आहे, राग नव्हे. चावला की दुखतं सारखंच. अंघोळ घालू नका. मागच्या पायाची जोडलेली दोन बोटं हा त्याचा कंगवा. सगळ्या पिशव्याही एकाच दिवशी धुऊ नका. धुतलेल्या घरावर पुन्हा नाव घालायचं तर ते लघवीनेच घातलं जातं.

मोकळं सोडताना कमोडचं झाकण बंद. पडला तर गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही, बुडतो. खोलीतलं सगळ्यात उंच झाड तुम्हीच असल्यामुळे उडी डोक्यावर येईल. टोपी घाला.

चांगलं सांभाळलं तर हे दहा-बारा वर्षं चालतं. मध्ये कधी गावाला जायचं झालं, तर रात्री येऊन जेवण देईल असा माणूस शोधा आणि त्याला चिठ्ठी लिहून ठेवा: पाण्याच्या बाटल्या दोन आहेत, कारण एकीच्या नळीतली गोळी अडकते, दोन्ही बोटाने टिचकी मारून बघणे, भुंकला तर शेजाऱ्यांनी विचारल्यास कुत्रं नाही म्हणून सांगणे, टक्कल तसंच असतं, फोन करू नये.